माना : दंडकारण्याचा उंबरठा

महाराष्ट्रात पूजेच्या संकल्पात यजमान आपला ठावठिकाणा सांगतो, तेव्हा गोदावरीच्या जोडीने दंडकारण्याचेही नाव घेतो. पंचवटीच्या कथेमुळे हे अरण्य मराठी माणसाला आपल्या अंगणातले वाटते. राजवाड्यांनी ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ लिहिताना याच अरण्यात उतरलेल्या लोकसमूहांचा माग काढला होता. वनवास आणि वसाहत हे दोन्ही अर्थ त्या नावात प्राचीन काळापासून एकत्र नांदत आले आहेत. १९५८ साली भारत सरकारच्या पुनर्वसन मंत्रालयाने मध्य प्रदेशातील बस्तर आणि ओरिसातील कोरापूट व कालाहंडी या जिल्ह्यांतील सुमारे ३०,००० चौरस मैलांच्या प्रदेशासाठी एक योजना आखली आणि तिला दंडकारण्याचेच नाव दिले. १२ सप्टेंबर १९५८च्या ठरावाने दंडकारण्य विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या व पश्चिम बंगालच्या छावण्यांत पडून असलेल्या निर्वासितांना येथे वसवावयाचे होते. वनवास कोणाच्या वाट्याला येणार आणि वसाहत कोणाची होणार, हे त्या ठरावाच्या भाषेवरून कळणे शक्य नव्हते.

या अरण्याचा उंबरठा होता रायपूर. शहराच्या दक्षिणेस माना या गावी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक धावपट्टी बांधलेली होती. तिच्या भोवतालच्या मोकळ्या माळावर १९६४ साली तंबू आणि बॅरकी यांची जी वस्ती उभी राहिली, ती पुढे अनेक वर्षे हजारो कुटुंबांचा मुक्काम होऊन बसली. मूळ कल्पनेप्रमाणे ते केवळ संक्रमण केंद्र होते. आलेल्यांची नोंद करावी, त्यांची वर्गवारी करावी आणि त्यांना पुढे पाठवावे, एवढेच तेथे घडावयाचे होते.

राज्यसत्तेने माणसांना समूहाने उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्याचा प्रकार इतिहासाला नवा नाही. ॲसिरियाच्या सम्राटांनी तर त्याची रीतच बसवून टाकली होती. इसवी सनपूर्व आठव्या शतकात समारिया पडल्यावर तेथून २७,२९० माणसे नेल्याची नोंद दुसऱ्या सारगॉनच्या लेखांत सापडते. जिंकलेल्या लोकांची नोंद दहा-दहापर्यंत मोजून ठेवावी, हे त्या राज्यकर्त्यांना महत्त्वाचे वाटले, यातच या प्रकाराचे अर्धे मर्म आहे. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण म्हणजे मुहंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास देवगिरीचे दौलताबाद करून दिल्लीच्या लोकांना तेथे हलवले ते. सगळी दिल्ली ओस पडली, ही कथा अलीकडील इतिहासकार जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. हलवण्यात आला तो मुख्यतः अमीर-उमराव, उलेमा व सूफी यांचा वर्ग, असे आता मानले जाते. सुलतानाचा हेतू मात्र स्पष्ट होता. दक्षिणेवर पकड बसवायची तर दक्षिणेत आपली माणसे हवीत.

विसाव्या शतकाने या जुन्या साधनाला कायद्याचा आणि आकडेशास्त्राचा आधार दिला. १९२३च्या लोझान करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांनी सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि ४ लाखांच्या आसपास मुसलमान यांची अदलाबदल केली. धर्म हा एकच निकष धरल्याने तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात जाऊन पडले. स्टालिनच्या राजवटीने १९३७ साली अतिपूर्वेकडील सुमारे १,७०,००० कोरियनांना मध्य आशियात नेले आणि १९४४च्या फेब्रुवारीत चेचेन व इंगुश लोकांना, मे महिन्यात क्रिमियाच्या तातारांना मालगाड्यांत घालून पूर्वेकडे पाठवले. या सर्व प्रसंगांत सत्तेला दोन गोष्टी लागतात : एक अडचणीचा वाटणारा लोकसमूह आणि दुसरी, मोकळी वाटणारी भूमी. पहिली बहुधा असतेच. दुसरी मात्र कागदावर तयार करावी लागते.

दंडकारण्याची गोष्ट या मालिकेत बसवताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. येथे मालगाडीभोवती बंदुका नव्हत्या. देश लोकशाही होता, निर्वासित त्याच देशाच्या आश्रयाला आलेले होते आणि योजना आखणाऱ्यांमध्ये प्रामाणिक, कर्तबगार माणसे होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे शिल्पकार सुकुमार सेन यांनीही काही काळ या प्राधिकरणाचे अध्यक्षपद सांभाळले. तरीही ही कुटुंबे रायपूरपर्यंत स्वेच्छेने आली असे म्हणता येत नाही. त्यांना कसे आणले गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

फाळणीनंतर पंजाबात लोकसंख्येची अदलाबदल काही महिन्यांत, रक्ताच्या पुरातून का होईना, उरकली. पश्चिमेकडून आलेल्या निर्वासितांना सोडून गेलेल्यांच्या जमिनी व घरे मिळाली आणि १९५४च्या कायद्याने नुकसानभरपाईही ठरली. महाराष्ट्राने कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर होताना पाहिलेच आहे. बंगालमध्ये तसे घडले नाही. ८ एप्रिल १९५०च्या नेहरू-लियाकत करारात पूर्वेकडून आलेली माणसे परत जातील असे गृहीत धरले होते. ती परत गेली नाहीत, उलट येतच राहिली. प्रत्येक दंगलीनंतर एक नवी लाट आली, आणि या निर्वासितांना भरपाई द्यावी असा कायदा काही झाला नाही. जे प्रथम आले ते पुष्कळसे भद्रलोक होते. त्यांचे नातेवाईक कलकत्त्यात होते, त्यांना कायदा आणि वृत्तपत्रे ठाऊक होती. शहराच्या कडेच्या पडीक जमिनी ताब्यात घेऊन त्यांनी शंभराहून अधिक वसाहती उभ्या केल्या आणि पुढे त्या अधिकृतही करून घेतल्या. नंतर आले ते बहुतांशी नमःशूद्र व इतर शेतकरी, कोळी, नावाडी. त्यांच्या वाट्याला सरकारी छावण्या आल्या.

मराठी वाचकाला नमःशूद्र हे नाव परके असू नये. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नव्हे. ते गेले बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने बंगालच्या विधानसभेतील अनुसूचित जातींच्या सदस्यांनी त्यांच्यामागे बळ उभे केले, आणि त्यात नमःशूद्रांचा वाटा मोठा होता. फाळणीने ती जागा गेल्यावर ते मुंबई प्रांतातून पुन्हा सभेत आले. मंडल स्वतः पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, १९५०च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन भारतात परतले आणि नंतरच्या वर्षांत त्यांना आपले जातिबांधव छावण्यांतून बंगालबाहेर पाठवले जाताना पाहावे लागले. ज्यांच्या मतांनी संविधानाच्या शिल्पकाराला सभेचे दार उघडून दिले, त्यांच्या कुटुंबांपैकी कित्येक पुढे एका आकड्याच्या गावी जाऊन पडली. इतिहासाने हा हिशेब कोठे मांडून ठेवलेला नाही.

१९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांनी राज्यात आता जागा उरली नाही, अशी भूमिका घेतली होती. जमिनीच्या टंचाईचा मुद्दा खोटा नव्हता. तथापि त्यामागे दुसराही हिशेब होता. निर्वासितांच्या मोर्चांनी कलकत्ता हादरत होती आणि डाव्या पक्षांना त्यांतून कार्यकर्ते व मते मिळत होती. असा समूह फोडून दूरच्या जंगलात पांगवला तर राज्यकर्त्यांना तो सोयीचाच होता. विरोधकांनीही हे ओळखले. म्हणून डाव्या पक्षांनी निर्वासितांना अंदमान वा दंडकारण्यात पाठवण्यास कडाडून विरोध केला. बंगाली माणसाने बंगालमध्येच राहावे, ही त्यांची त्या वेळची घोषणा होती, हे पुढील कथेसाठी ध्यानात ठेवलेले बरे. १९५८च्या वसंतात छावण्यांतील निर्वासितांनी सत्याग्रह केला आणि हजारोंच्या संख्येने ते तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या जुलैत ठरले की छावण्या वर्षभरात बंद करावयाच्या. छावण्यांतील सुमारे ४५,००० कुटुंबांपैकी १०,००० बंगालमध्ये राहतील आणि ३५,००० दंडकारण्यात किंवा अन्य राज्यांत जातील.

कुटुंबांनी नकार दिला तर काय करायचे, याचे उत्तर सोपे होते. छावणीतील कुटुंबाला दर पंधरवड्याला रोख अनुदान आणि शिधा मिळत असे. छावणीच्या बोलीत त्याला ‘डोल’ म्हणत. दंडकारण्यास जाण्याची नोटीस नाकारणाऱ्याचे डोल बंद होत असे. त्या माणसाला अटक होत नसे, कोणी हातही लावत नसे. फक्त शिधापत्रिकेवरचे नाव कापले जाई. सैन्याने जे काम अन्यत्र केले ते येथे कारकुनाच्या लाल शाईने केले, आणि त्यामुळेच त्या स्थलांतराला ‘सक्तीचे’ हे विशेषण बराच काळ चिकटले नाही. कागदोपत्री प्रत्येक कुटुंब संमतीनेच आगगाडीत बसले होते.

१९६३च्या डिसेंबरात श्रीनगरच्या हजरतबल मशिदीतील पवित्र केस नाहीसा झाला आणि त्याची आग १९६४च्या जानेवारीत खुलना व ढाक्यात पेटली. कलकत्त्यातही दंगली झाल्या. त्या एका वर्षात पूर्व पाकिस्तानातून सात लाखांच्या जवळपास माणसे भारतात आली. पश्चिम बंगालने आता त्यांना थांबवून घेण्यास नकार दिला. सीमेवरून त्यांना थेट आगगाडीत बसवण्यात आले आणि त्यांतील पुष्कळांना रायपूरच्या फलाटावर उतरवले गेले. रायपूरचा इतिहास मराठ्यांना अनोळखी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडचा कारभार रतनपुरातून चालत असे, तो १८१८ साली इंग्रज अधीक्षकाने रायपूरला आणला. त्या काळापासून हे गाव कचेऱ्यांचे आणि बाजाराचे. खुलना-बारिसालच्या खाडीतल्या माणसाला तेथे पहिली नवलाई वाटली असेल ती पाण्याच्या अभावाची. ज्या प्रदेशात घरून घरी जायचे तर होडी लागते, तेथून तो उन्हाने तापलेल्या मुरमाड माळावर आला होता.

माना छावणीचा कारभार लष्करी शिस्तीचा होता. रांगांनी तंबू, रांगांनी बॅरकी, आणि रांगेत उभे राहिल्याशिवाय काहीच नाही. येथेच वर्गवारी होई. शेतकरी कुटुंब, बिगरशेतकरी कुटुंब, कारागीर. शेतकरी असेल तर जमीन, दुकानदार असेल तर लहानसे कर्ज. पुरुष कमावता असेल तर त्याला आधी रस्तेबांधणीच्या किंवा जंगलतोडीच्या कामावरील छावणीत पाठवले जाई. ज्या घरात कमावता पुरुष नाही, जे वृद्ध, अपंग किंवा निराधार विधवा आहेत, त्यांच्यासाठी सरकारी भाषेत एक वेगळी संज्ञा होती : ‘पर्मनंट लायबिलिटी’, म्हणजे कायमचे दायित्व. तिचे संक्षिप्त रूप पी. एल. असे झाले, आणि मान्यातील त्या विभागाला पी. एल. होम हेच नाव पडले. जमाखर्चाच्या वहीतील नावे बाजूस उतरवायची रक्कम म्हणून एका विधवेची ओळख व्हावी, यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. खात्याची गरज तशी होती. पण शब्द माणसांना जे करतात ते खात्याच्या गरजेवर थांबत नाही. कित्येक मुले त्या विभागात वाढली आणि आपण कोण, या प्रश्नाला त्यांना प्रथम शिकवलेले उत्तर ते दोन इंग्रजी अक्षरांचे होते.

संक्रमण केंद्रात माणसाने फार काळ राहू नये अशी अपेक्षा असते. मान्यात दिवसांचे महिने आणि महिन्यांची वर्षे झाली. जंगल साफ करण्याचा वेग आणि माणसे येण्याचा वेग यांचा मेळ कधीच बसला नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धकाळात आलेल्या निर्वासितांनाही येथे ठेवावे लागले, मात्र ते परत पाठवावयाचे म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. एका तंबूतला माणूस वसवायचा होता आणि शेजारच्या तंबूतला परतवायचा होता. दोघांची भाषा एक, जिल्हा एक, सोसलेली आपत्तीही एकच. फरक होता तो सीमा ओलांडण्याच्या तारखेचा.

मान्याहून ट्रक निघत ते धमतरी-कांकेरच्या रस्त्याने. काही भानुप्रतापपूरवरून परलकोटकडे वळत, काही केशकालचा घाट चढून कोंडागावकडे आणि तेथून पुढे ओरिसातील उमरकोट व मलकानगिरीकडे जात. हे योजनेचे चार विभाग. प्रत्येक शेतकरी कुटुंबाला सहा-सात एकर जमीन, घरासाठी जागा, बैलजोडीसाठी कर्ज अशी तरतूद होती. पुढे हे क्षेत्र कमी होत गेले. यंत्रांनी जंगल सपाट करून आखलेल्या या खेड्यांना नावे द्यायला कोणाला सवड झाली नाही. परलकोट विलेज क्रमांक १, क्रमांक २, याप्रमाणे पी. व्ही. १, पी. व्ही. २ असे आकडे पडले आणि ते शंभराच्या पुढे गेले. मलकानगिरीत एम. व्ही., उमरकोटात यू. व्ही. आजही तेथील माणूस आपले गाव सांगताना आकडाच सांगतो. वरून कितीही नावे दिली तरी एस. टी.च्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेवर आकडाच टिकला आहे.

आणि या साऱ्यात गृहीत धरलेली ती ‘मोकळी भूमी’ मोकळी होती का? परलकोटचे नाव नागपूरच्या इतिहासात आधीच नोंदले गेले आहे. बस्तरच्या राजांकडून भोसल्यांना टकोळी जात असे, आणि मराठ्यांच्या वसुलीचा व नव्या इंग्रजी अंमलाचा जाच असह्य झाल्यावर १८२४-२५ साली परलकोटचा जमीनदार गेंदसिंग याच्या नेतृत्वाखाली अबूझमाडियांनी बंड केले. भोसल्यांचे राज्य तेव्हा इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीखाली होते. चांद्याहून फौज आली, आणि २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंगाला त्याच्याच वाड्यासमोर फाशी देण्यात आले. छत्तीसगडमध्ये आज त्याचे स्मरण हुतात्मा म्हणून केले जाते. मराठी इतिहासलेखनात मात्र तो क्वचितच डोकावतो. जेथे आपण वसुली करणारे असतो तेथे आपली स्मरणशक्ती नेहमीच थोडी मंद असते.

परलकोटच्या या जंगलात गोंड आणि माडिया राहत होते. ते डोंगरउतारावर झाडी जाळून शेती करीत, दोन-चार वर्षांनी जागा बदलीत आणि जुनी जागा पुन्हा वाढू देत. महसूल खात्याच्या नजरेला जेथे नांगर नाही तेथे शेती दिसत नाही, आणि जेथे सातबारा नाही तेथे मालक दिसत नाही. वाढू दिलेली जमीन नकाशावर पडीक झाली. मोहाचे झाड, देवाची राई, पूर्वजांच्या दगडी खुणा यांना कोणत्याच रकान्यात जागा नव्हती. योजनेत आदिवासींचा विचार मुळीच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. साफ केलेल्या जमिनीपैकी २५ टक्के आदिवासींच्या वसाहतीसाठी राज्य सरकारांना द्यावयाची होती. पण ज्याची सगळी भूमी होती त्याला तिच्यातला चतुर्थांश दान म्हणून देण्याची ही रीत होती. त्याच दशकात बैलाडिलाचे लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी विशाखापट्टणम बाजूने डोंगर फोडून रेल्वेमार्ग आणला जात होता. त्या मार्गाच्या प्रकल्पाच्या नावातही दंडकारण्य होते. बाहेरच्या जगाला या प्रदेशाचा अचानक उपयोग सापडला होता, एकाला खनिजासाठी, दुसऱ्याला माणसे ठेवण्यासाठी.

बंगाली शेतकऱ्याला जी जमीन मिळाली ती बऱ्याच ठिकाणी हलकी, तांबडी, पाणी न धरणारी होती. शैवालकुमार गुप्त हे १९६४च्या सुमारास प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. त्यांनी पद सोडल्यानंतर १९६५ साली ‘इकॉनॉमिक वीकली’त लेखमाला लिहून हे उघडपणे मांडले की कोंडागाव भागातील पुष्कळ भूखंडांवर कुटुंबाचे पोट भरेल एवढे पीक येणे शक्यच नाही. जमीन निवडताना मातीची परीक्षा नीट झालेली नव्हती आणि सिंचनाची कामे वस्तीच्या फार मागे राहिली होती. योजनेच्या अत्युच्च अधिकाऱ्यानेच असे लिहावे, हा आपल्या प्रशासनाच्या इतिहासातला दुर्मीळ प्रसंग आहे. त्या लेखांचा परिणाम काय झाला, ते मान्याकडे येणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत यावरून कळते.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध केवळ संकल्पातल्या नावापुरता नाही. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीत, चामोर्शी आणि मुलचेरा भागात अशीच बंगाली कुटुंबे वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम ही नावे तेथे आहेत. येथे निदान आकड्यांऐवजी नावे मिळाली, एवढा फरक. धानाची दुबार पिके, तळ्यातील मासे, दुर्गापूजा आणि मराठी शाळा यांच्या संगतीत तिसरी-चौथी पिढी वाढली आहे. घरात बंगाली, बाजारात मराठी, कचेरीत हिंदी-मराठीची सरमिसळ. शेजारच्या माडिया खेड्याशी मात्र व्यवहार होतो तो बहुधा बाजाराच्या दिवशी, उधारीच्या वहीतून. दोन्ही बाजूंना एकमेकांविषयी जे बोलले जाते ते फारसे प्रेमाचे नसते. ज्यांना निवडीचा अधिकार नव्हता अशा दोन समूहांना एकाच जमिनीवर समोरासमोर उभे केले की भांडण त्यांच्यातच होते. ज्याने उभे केले तो दूर राजधानीत असतो.

१९७७च्या जूनमध्ये पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले. जे पक्ष वीस वर्षे निर्वासितांना बंगालमध्येच ठेवा म्हणत होते, ते आता सत्तेवर होते. माना व आसपासच्या छावण्यांत उद्वास्तू उन्नयनशील समिती संघटित झाली होती आणि सतीश मंडल तिचे पुढारी होते. नव्या सरकारातील मंत्री राम चटर्जी दंडकारण्यात येऊन गेले, आणि आपल्याला बोलावणे आले आहे असा लोकांनी अर्थ घेतला. १९७८च्या आरंभापासून लोकांनी भांडी, बैल, जे विकता आले ते विकले आणि गाड्या धरल्या. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसे बंगालच्या दिशेने निघाली. सरकारी कागदांनी त्यांना ‘पळून गेलेले’ म्हटले. सैन्यातून पळणाऱ्याला जो शब्द वापरतात तोच. संमतीने आलेल्यांना हा शब्द लागू कसा होतो, याचा खुलासा कोणी केला नाही.

बंगालने त्यांना स्वीकारले नाही. बहुतेकांना स्थानकांवरून, वाटेतल्या छावण्यांतून परत पाठवले. सुमारे ३०,००० माणसे सुंदरबनातील मरीचझांपी या बेटावर पोचली. तेथे त्यांनी स्वतःच बांध घातले, विहिरी खोदल्या, शाळा व दवाखाना उघडला, होड्या बांधल्या, बाजार भरवला आणि वस्तीला नेताजीनगर हे नाव दिले. वीस वर्षांत सरकारी पुनर्वसनाने जे साधले नव्हते ते त्यांनी काही महिन्यांत उभे केले, आणि कदाचित हेच त्यांच्या विरोधात गेले. राज्य सरकारने हे बेट राखीव जंगलाचा भाग आहे, येथे वाघांचे अभयारण्य आहे, असे सांगितले. १९७९च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जमावबंदी लागू होऊन पोलिसांच्या लाँचांनी बेट वेढले. अन्न, औषध आणि गोडे पाणी बंद झाले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. अन्नपाणी अडवू नये, असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारीत दिला, तरी कोंडी संपली नाही. मेच्या मध्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. किती माणसे मेली याविषयी आजही एकमत नाही. सरकारने दोनचाच आकडा सांगितला, तर वाचलेले आणि नंतरचे अभ्यासक शेकड्यांच्या, काही तर हजारोंच्या गोष्टी बोलतात. ज्या राज्याने प्रत्येक कुटुंबाला क्रमांक दिला होता, त्याला मृतांची गणना करता आली नाही.

उरलेल्यांना पुन्हा गाड्यांत बसवून दंडकारण्यात आणले गेले. रायपूरच्या फलाटावर ते दुसऱ्यांदा उतरले. काहींचे भूखंड दरम्यान दुसऱ्यांना दिलेले होते. मनोरंजन ब्यापारी यांनी आपल्या आत्मकथेत छावण्यांचे, दंडकारण्याचे आणि मरीचझांपीत आपल्या वडिलांना झालेल्या मारहाणीचे जे सांगितले आहे, त्यामुळे बंगाली साहित्यात या लोकांना प्रथमच स्वतःचा आवाज मिळाला. रायपूर-दल्लीराजहरा परिसरात शंकर गुहा नियोगी यांच्या सहवासात घडलेल्या या लेखकाचे नाव छत्तीसगडच्याही साहित्याच्या इतिहासात यायला हवे.

बस्तरच्या जंगलाला मोकळी भूमी समजण्याची सवय पुढेही सुटली नाही, फक्त पुढच्या वेळी हलवले गेले ते आदिवासी. २००५च्या जूनपासून दंतेवाडा-विजापूर भागात सलवा जुडूमच्या काळात सहाशेहून अधिक गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. काहींना दोरनापाल, एर्राबोर यांसारख्या रस्त्याकडेच्या छावण्यांत आणले गेले, काही गोदावरी ओलांडून खम्मम जिल्ह्यात गेले. नक्षलवाद्यांना गावाचा आधार मिळू नये, हा हेतू. इंग्रजांनी १९५०नंतर मलायात सुमारे पाच लाख लोकांना कुंपणाच्या नव्या गावांत कोंबले होते, आणि १९६७ साली भारतीय लष्कराने मिझो टेकड्यांत खेडी एकत्र केली होती, तेव्हाचेही तर्कशास्त्र हेच. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रे देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तोपर्यंत दोरनापालच्या छावणीत शिधा वाटपाची रांग लागून सहा वर्षे झाली होती. एकाच राजधानीतून, रायपुरातून, या कारभाराचे हुकूम निघत होते. त्या हुकूमांतही ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर’ असाच शब्दप्रयोग होता.

परलकोटचा प्रदेश आता कांकेर जिल्ह्यात आहे. पखांजूर हे तेथील मोठे गाव. पाण्याशी असलेले नाते त्या लोकांनी सोडले नाही. जेथे तळे नव्हते तेथे खणले, आणि आज छत्तीसगडच्या मत्स्यबीजाचा मोठा भाग तेथून जातो. मलकानगिरीतील नमःशूद्र ओरिसाच्या यादीप्रमाणे अनुसूचित जातीचा आहे. त्याच कुटुंबातील पखांजूरला वसवलेला भाऊ छत्तीसगडच्या यादीत नाही, आणि गडचिरोलीतला चुलतभाऊ महाराष्ट्राच्या यादीतही नाही. तो दर्जा मिळावा म्हणून मागण्यांची निवेदने आजही निघतात. कोणाला कोणत्या ट्रकमध्ये बसवले गेले, यावर त्यांच्या नातवंडांची शिष्यवृत्ती ठरते.

युद्धकाळातल्या त्या धावपट्टीच्या जागी रायपूरचा स्वामी विवेकानंद विमानतळ उभा आहे. त्याच्या शेजारची वस्ती आता शहराला चिकटली आहे. बंगाली मिठाईची दुकाने आहेत, पक्की घरे आहेत, पूजेचे मांडव पडतात. तेथे रीतसर नगर पंचायत आहे, निवडणुका होतात, आणि तिच्या पाटीवर, दाखल्यांवर आणि मतदारयादीवर अधिकृत नाव लिहिलेले असते : माना कॅम्प.